वैशाखांतील सहस्रकुंड

(नभोवाणीवरील भाषण)

सहस्रकुंडाचें नांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल, आणि यवतमाळ, नांदेड किंवा नागपूर येथें राहणाऱ्या कित्येकांनीं तें स्थळ पाहिलेंहि असेल. श्रावण-भाद्रपदांत पैनगंगा दुथडी भरून वाहूं लागली, म्हणजे काळ्या खडकाच्या कड्यावरून तिचें पाणी अनेक धारांनीं खालीं कोसळतें. त्याचा घोष दुरून ऐकूं येतो, आणि कांठावर उभ्या असलेल्या माणसाचे कपडे तुषारांनीं भिजतात. हा देखावा रमणीय आहे यांत शंका नाहीं. पण तो वर्षांतून फार तर तीन-चार महिने टिकतो. उरलेल्या आठ महिन्यांत ही नदी काय करते, आणि तिच्या कांठचीं माणसें, जनावरें व झाडें कशीं जगतात, हा प्रश्न धबधबा पाहून परतणाऱ्याच्या मनांत क्वचितच येतो. आजच्या भाषणांत मी आपणांस त्या उरलेल्या महिन्यांतील पैनगंगेकडे, विशेषेंकरून वैशाखांतील पैनगंगेकडे, नेणार आहें.

प्रथम नदीची ओळख करून घेऊं. शाळेंत भूगोल शिकवितांना मला नेहमीं असा अनुभव येई कीं, वैनगंगा आणि पैनगंगा हीं दोन नांवें मुलें हटकून एकमेकांत मिसळीत. मोठ्या माणसांचेंहि तसेंच होतें. वैनगंगा उत्तरेकडून, सातपुड्याच्या बाजूनें येते. पैनगंगा पश्चिमेकडून येते. बुलढाणा जिल्ह्यांत अजिंठ्याच्या डोंगररांगेंत तिचा उगम आहे. मेहकरावरून ती पुढें वाशीम व हिंगोलीच्या मुलुखांतून वाहते, आणि नंतर यवतमाळ व नांदेड या दोन जिल्ह्यांची सीमा होऊन राहते. तिची एकंदर लांबी पावणेसातशें किलोमीटरांच्या आसपास आहे. शेवटीं वणी तालुक्याच्या टोकाशीं, घुग्गुसजवळ, ती वर्धा नदीस मिळते. पुढें वर्धा व वैनगंगा एक होतात आणि त्यांची प्राणहिता बनते. प्राणहिता गोदावरीस मिळते, आणि बुलढाण्याच्या डोंगरावर पडलेला पावसाचा थेंब असा प्रवास करीत बंगालच्या उपसागरास पोंचतो. तेव्हां वैनगंगा आणि पैनगंगा यांचीं नांवें मुलांच्या वहींत मिसळतात यांत फारसें नवल नाहीं. त्यांचें पाणीहि शेवटीं मिसळतेंच.

उमरखेड तालुक्यांत ही नदी एक मोठें वळण घेते. आग्नेयेकडे चाललेला तिचा ओघ सहस्रकुंडाच्या पुढें उत्तरेकडे वळतो, माहूरच्या रेणुकामातेच्या डोंगराजवळून जातो, आणि मग पुन्हां पूर्वेची वाट धरतो. या वळणाच्या पोटांत जें डोंगराळ रान सांपडलें आहे, त्यास नदीनें तिन्ही बाजूंनीं वेढलें आहे. तेंच आजचें पैनगंगा अभयारण्य. नदीच्या दक्षिण तीरावर किनवट तालुक्यांतील इस्लापूर, उत्तर तीरावर उमरखेड तालुक्यांतील मुरली, आणि मध्यें सहस्रकुंडाचा कडा, अशी ही जागा आहे. जवळच आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सहस्रकुंड नांवाचें छोटें स्थानकहि आहे.

एके काळीं ही नदी दोन जिल्ह्यांचीच नव्हे, तर दोन राज्यांची सीमा होती. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातीं दिला. तेव्हांपासून नदीच्या अलीकडे इंग्रजी अंमल आणि पलीकडे निजामी, अशी स्थिती जवळजवळ शंभर वर्षें राहिली. १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, १९५६ मध्यें विदर्भ आणि मराठवाडा एका राज्यांत आले, आणि १९६० सालीं महाराष्ट्र झाला. कागदावरची सीमा अशी तीन वेळां बदलली. पण दोन्ही तीरांवरचे आंध, गोंड, कोलाम, परधान आणि बंजारा लोक नदींत उतरून एकमेकांच्या गांवीं लग्नास आणि बाजारास जातच होते. उन्हाळ्यांत तर पात्र कोरडें असल्यानें होडीचीहि गरज नसे.

आतां त्या कड्याकडे वळूं. सहस्रकुंडाचा खडक काळा, कठीण आणि धातूसारखा चकाकणारा आहे. हा आपला परिचित काळवत्री दगड होय. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून तप्त रसाचे लोंढे बाहेर आले आणि एकावर एक थर देत थिजत गेले. सह्याद्रीपासून यवतमाळपर्यंतचा बहुतेक महाराष्ट्र या थरांवर वसलेला आहे. आपल्याच जिल्ह्यांत, झरी-जामणी तालुक्यांतील शिबला गांवाजवळ, याच दगडाचे सहाकोनी खांब उघडे पडले आहेत. रस थंड होतांना आकुंचन पावून त्यास तशा भेगा पडतात. पैनगंगा जसजशी पूर्वेकडे जाते, तसतसे हे थर विरळ होत जातात, आणि त्यांच्या खालचे कितीतरी जुने खडक वर दिसूं लागतात. वणी, मुकुटबन आणि आदिलाबादकडील चुनखडीस तर भूशास्त्रज्ञांनीं पैनगंगेचेंच नांव दिलें आहे. ती चुनखडी शंभर कोटी वर्षांच्या सुमाराची मानतात. एकाच नदीच्या कांठानें पन्नास-साठ कोस चाललें कीं पृथ्वीच्या इतिहासाचीं इतकीं पानें उलटून पाहतां येतात, हें भाग्य थोड्या जिल्ह्यांस लाभतें.

घळ कशी तयार होते, हें मुलांना समजावून सांगणें कठीण नाहीं. दगडाचे सर्व थर सारखेच कठीण नसतात. वरचा थर टणक आणि खालचा ठिसूळ असला, म्हणजे कोसळणारें पाणी खालचा थर आधीं पोखरतें. वरच्या थराचा आधार सुटतो, त्याचे मोठमोठे तुकडे तुटून पडतात, आणि धबधबा थोडासा मागें, म्हणजे उगमाकडे, सरकतो. हजारों वर्षें असें होत गेलें, कीं धबधब्याच्या पुढें उभ्या कडांची एक चिंचोळी घळ उरते. दुसरी क्रिया भोंवऱ्याची. पुराच्या भोंवऱ्यांत सांपडलेले गोटे एकाच जागीं गरगर फिरतात आणि खडकास जात्याप्रमाणें दळून काढतात. त्यामुळें रांजणासारखे खोल खळगे पडतात. कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे याच रीतीनें झालेले आहेत, आणि नदीच्या खडकाळ पात्रांत जेथें जेथें वेग आहे तेथें लहान प्रमाणावर ते आढळतात. सहस्रकुंड हें नांवच अशा कुंडांची आठवण देतें. सहस्र हा आंकडा मोजून ठेवलेला नसेल. पण वैशाखांत पाणी ओसरल्यावर खडकावर उतरून पाहिलें, म्हणजे नांव ठेवणाऱ्यानें नदी उन्हाळ्यांत पाहिली असली पाहिजे अशी खात्री पटते. कारण भर पावसाळ्यांत कुंडें दिसतच नाहींत. दिसतो तो केवळ फेंस.

श्रोतेहो, घळ म्हटली कीं शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें अमेरिकेंतील कोलोरॅडो नदीची प्रचंड घळ उभी राहते. ती सुमारें साडेचारशें किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटराहून अधिक खोल आहे, आणि १९१९ सालापासून तेथें राष्ट्रीय उद्यान आहे. सभोंवार वाळवंटी मुलूख, आणि त्यांतून दूरच्या पर्वतांवरील बर्फाचें पाणी घेऊन जाणारी नदी, असा तो प्रकार आहे. आपली पैनगंगा त्या मानानें अगदीं लहान, आणि आपला मुलूख वाळवंट म्हणतां येत नाहीं. जैसलमेराकडे वर्षाकांठीं दीडशें-दोनशें मिलिमीटर पाऊस पडतो; यवतमाळ जिल्ह्यांत तो नऊशें ते हजार मिलिमीटर पडतो. मग येथें वाळवंटाची आठवण कां यावी?

याचें उत्तर पावसाच्या मापांत नसून त्याच्या वेळेंत आहे. हा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. काळवत्री दगड पाणी फारसें पोटांत ठेवीत नाहीं; भेगांत आणि वरच्या मुरमांत मुरेल तेवढेंच त्याचें. बाकीचें उतारावरून धांवत नदींत आणि नदींतून समुद्रांत जातें. कार्तिकांत प्रवाह बारीक होतो, माघांत तो तुटक होतो, आणि चैत्रांत ठिकठिकाणचे डोह तेवढे उरतात. फाल्गुनांत सागाचीं पानें गळून गेलेलीं असतात. उघड्या रानांत पळस तेवढा लाल फुललेला दिसतो. चैत्रांत मोहाचीं फुलें पडतात. वैशाखांत उष्णता पंचेचाळीस अंशांपर्यंत जाते, काळा खडक दिवसभर तापतो आणि रात्रभर ती आग परत सोडतो. त्या महिन्यांत घळींत उतरलेल्या माणसास वाळवंट पाहण्यासाठीं जैसलमेरास जाण्याचें कारण नाहीं. आपल्या रानास दरवर्षीं चार महिने वाळवंटाचा जन्म घ्यावा लागतो, आणि मृगाच्या पावसानें त्याचा पुन्हां जन्म होतो.

या चार महिन्यांत सर्व जीवांचें लक्ष डोहांकडे लागलेलें असतें. चितळ, सांबर, नीलगाय, चौसिंगा, रानडुक्कर, अस्वल, तरस, बिबट, मोर, सारे अखेर त्याच पाण्यावर येतात. डोह मोठा असला तर प्रत्येकाची वेळ आणि वाट निराळी असते. डोह आटत गेला, म्हणजे वाटा एक होऊं लागतात, आणि मग भक्ष्य व भक्षक, गुरें व जंगली जनावरें, माणूस व अस्वल यांची गांठ पडते. उन्हाळ्यांत माणसांवर होणाऱ्या हल्ल्यांमागें पुष्कळदां हेंच कारण असतें. मोहाचीं फुलें वेंचण्यास पहांटे बाई निघते, आणि त्याच फुलांसाठीं अस्वलहि निघालेलें असतें. दोघांनाहि घरचीं पोरें पोसावयाचीं असतात.

डोह आटले कीं झिरे. हा शब्द शहरांतील मुलांच्या कानांवर पडत नाहीं, म्हणून सांगतों. कोरड्या पात्रांतील रेतींत हातभर किंवा कमरेइतका खळगा केला, म्हणजे त्यांत हळूहळू स्वच्छ पाणी झिरपून जमतें. हाच झिरा. एका उन्हाळ्यांत मी वरच्या वर्गांतील कांहीं मुलांस नदी दाखविण्यास घेऊन गेलों होतों. नदीकांठच्या एका गांवचे एक वृद्ध आंध गृहस्थ पात्रांत झिरा उपसत होते. दिवसाचें पाणी भरून झाल्यावर बायकांनीं त्यावर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. पण संध्याकाळीं या बाबांनीं त्या फांद्या काढून एका बाजूस ठेवल्या आणि खळग्याची एक कड हातानें उतरती केली. मीं विचारलें, “बाबा, आतां झिरा उघडा कां ठेवतां?” ते म्हणाले, “गुरुजी, रातच्याला रानालाबी तहान लागते.” दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलांना त्या उतरत्या कडेवर चितळांचे खूर उमटलेले दिसले, आणि एका बाजूस बिबट्याचा पंजा. पंजा पाहून मुलें हरखलीं. मला त्या उतरत्या कडेचें अधिक वाटलें. पाणी वांटून घेण्याचा नियम त्या गांवानें कोठल्याहि कायद्याच्या पुस्तकांतून घेतलेला नव्हता.

कायदा आला तो पुढें. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याखालीं १९८६ सालीं पैनगंगा अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सव्वातीनशें चौरस किलोमीटरांच्या घरांत होतें. साग, ऐन, धावडा, सालई, तेंदू, मोह यांचें हें कोरडें पानगळीचें रान त्यामुळें कुऱ्हाडीपासून पुष्कळ अंशीं वांचलें, हें उघड आहे. पण या रानांत आणि त्याच्या कडेला तीस-चाळीस गांवेंहि आहेत. या मुलुखास उमरखेडकडे बंदीभाग म्हणतात. तेथील लोकांचें म्हणणें आपण शहरांतील लोकांनीं ऐकून घेतलें पाहिजे. रस्ता हवा तर परवानगी, विजेचे खांब हवे तर परवानगी. पिकांत रानडुकरें शिरलीं तर रात्र जागून काढावयाची. आजारी माणूस दवाखान्यांत न्यावयाचा तर वाटेंत नाला. वन वांचलें त्याचा लाभ सर्व राज्यास होतो, आणि त्याची किंमत मात्र त्या गांवांनीं भरावयाची, हें न्यायाचें नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें आदिवासींचे आणि पिढ्यान् पिढ्या वनांत राहणाऱ्या इतरांचे हक्क मान्य केले. मान्य झालेला हक्क हातांत पडणें, ही पुढची पायरी असते. जो गांव रात्रीं झिरा उघडा ठेवतो, त्याला अभयारण्याचा शत्रु मानणें म्हणजे अभयारण्याचा सर्वांत जुना रखवालदार गमावणें होय.

आतां एका प्रवाशाची हकिकत सांगतों. आपल्या जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या बाजूस टिपेश्वर नांवाचें दुसरें अभयारण्य आहे. तें १९९७ सालीं जाहीर झालें, आणि त्याचें क्षेत्र दीडशें चौरस किलोमीटरांहून किंचित् कमी आहे. तेथें वाघांचें कुटुंब चांगलें वाढलें. पण रान लहान असल्यानें वयांत आलेल्या वाघास तेथें जागा उरत नाहीं. २०१९ च्या फेब्रुवारींत अशाच एका तरुण वाघाच्या गळ्यांत शास्त्रज्ञांनीं रेडिओचा पट्टा बांधला. त्याच वर्षीं जूनच्या सुमारास तो टिपेश्वर सोडून निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन राज्यांतून, पैनगंगेच्या खोऱ्यांतून, शेतें, नाले, कालवे, हमरस्ते ओलांडीत, बहुधा रात्रीं चालत, डिसेंबरांत तो बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. तोंवर त्याची चाल तेराशें किलोमीटर झाली होती. पुढें २०२० च्या एप्रिलांत पट्टा उतरला तोंपर्यंत ती तीन हजार किलोमीटरांवर गेली. ज्ञानगंगेचें रान अजिंठ्याच्या रांगेंतच आहे, आणि पैनगंगेचा उगमहि त्याच जिल्ह्यांत, त्याच रांगेंत आहे. म्हणजे नदी जी वाट पूर्वेकडे उतरते, ती वाट वाघ पश्चिमेकडे चढून गेला, असें स्थूलमानानें म्हणतां येईल. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वराचाच आणखी एक वाघ धाराशिव जिल्ह्यांतील येडशीच्या रामलिंग अभयारण्यापर्यंत गेला.

या दोन प्रवासांवरून एक गोष्ट ध्यानांत येते. नकाशावर आपण अभयारण्यें हिरव्या ठिपक्यांनीं दाखवितों. पण वाघाचा नकाशा ठिपक्यांचा नसून वाटांचा आहे. आणि कोरड्या मुलुखांत वाट म्हणजे नदीनाल्यांचीं पात्रें आणि त्यांच्या कांठची झाडी. तेथें सांवली मिळते, आडोसा मिळतो, आणि उन्हाळ्यांत डोह असेल तर पाणी मिळतें. डोह संपले, कांठची झाडी तुटली, म्हणजे ठिपका शिल्लक राहून वाट नाहींशी होते. मग तोच प्राणी कापसाच्या आणि तुरीच्या शेतांतून जातो, आणि माणसास त्याचें भय व त्यास माणसाचें भय वाढतें.

येथें आपण धरणाच्या प्रश्नाशीं येऊन पोंचतों. सहस्रकुंडाच्या वरच्या अंगास, पुसद आणि कळमनुरी या तालुक्यांच्या सीमेवर, पैनगंगेवर इसापूरचें मोठें धरण आहे. १९८२ सालीं पुरें झालेल्या या मातीच्या धरणांत सुमारें सव्वाशें कोटी घनमीटर पाणी मावतें. त्याच्या कालव्यांनीं नांदेड, हिंगोली आणि यवतमाळ जिल्ह्यांतील पुष्कळ शेती भिजते, आणि अनेक गांवांचें व शहरांचें पिण्याचें पाणी त्यावर चालतें. या धरणास नांवें ठेवण्याचा माझा मुळींच उद्देश नाहीं. ज्या शेतकऱ्यास त्याच्या पाण्यानें दुसरें पीक मिळालें, त्याच्या घरीं धरण म्हणजे लक्ष्मीच आहे. पण धरणाच्या भिंतीखालीं जी नदी उरते, तिच्या वांट्यास उन्हाळ्यांत काय येतें? बहुतेक वर्षीं उन्हाळा कडक झाला, म्हणजे खालच्या गांवांचे लोक निवेदन घेऊन निघतात, कचेरीसमोर बसतात, कधीं कोरड्या पात्रांतच ठाण मांडतात, आणि “नदींत पाणी सोडा” अशी विनंती करतात. मग केव्हां पाणी सुटतें, केव्हां उशिरां सुटतें. माणसांना अर्ज तरी करतां येतो. चितळांचा अर्ज कोण लिहिणार?

यावर असा आक्षेप घेतला जातो कीं, कोरड्या पात्रांत सोडलेलें पाणी रेतींत जिरून जातें, तेव्हां तें फुकट गेलें. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण झिऱ्याची गोष्ट आठवली म्हणजे तो टिकत नाहीं. रेतींत जिरलेलें पाणी नाहींसें होत नाहीं. तें उन्हाच्या हाताबाहेर, रेतीच्या पोटांत सुरक्षित राहतें. त्यावर झिरे चालतात, कांठच्या विहिरींस पाझर लागतो, आणि नदीकांठचीं झाडें जिवंत राहतात. उघड्या तलावांतील पाणी सूर्य पितो. रेतींतील पाणी त्यास सहज पितां येत नाहीं. म्हणून रेती ही नदीची कोठी आहे. आणि नेमकी हीच कोठी आपण रिकामी करीत आहोंत. शहरांत घरें बांधण्यासाठीं नदीची रेती गाड्या भरभरून जाते. धरणाच्या मागें नवी रेती अडते, खालून जुनी उपसली जाते, आणि उघडा खडक उरतो. उघड्या खडकावर पाणी सोडलें तर मात्र तें खरोखरच फुकट जाईल. तेव्हां पाण्याचा हिशेब करतांना रेतीचाहि हिशेब केला पाहिजे.

ज्या कोलोरॅडो नदीचा मघां उल्लेख केला, तिच्यावरहि हाच प्रसंग आला. तिच्या मोठ्या घळीच्या वरच्या अंगास ग्लेन कॅनियन नांवाचें धरण बांधलें गेलें, आणि १९६३ पासून त्यांत पाणी अडूं लागलें. रेती व गाळ धरणांत राहूं लागला. घळींतील रेतीचे कांठ झिजत गेले, आणि त्यांवर अवलंबून असलेल्या जीवांची अडचण झाली. तेव्हां १९९६ च्या वसंतांत तेथील अधिकाऱ्यांनीं मुद्दाम सात दिवस मोठा प्रवाह सोडून एक लहानसा पूर घडवून आणला. तळाशीं बसलेली रेती उचलली जाऊन कांठांवर पुन्हां बसावी हा त्याचा हेतु होता. पुढें त्याच नदीच्या अगदीं शेवटच्या टप्प्यांत, जेथें पात्र वर्षानुवर्षें कोरडें पडलें होतें तेथें, अमेरिका व मेक्सिको या दोन राष्ट्रांनीं २०१२ सालीं करार करून २०१४ मध्यें सुमारें आठ आठवडे केवळ नदीसाठीं पाणी सोडलें. तें पाणी थोड्या काळापुरतें समुद्रापर्यंत जाऊन पोंचलें. दोन स्वतंत्र राष्ट्रांना हें जमलें. मग एकाच राज्यांतील तीन-चार जिल्ह्यांना कां जमूं नये? आपल्या देशाच्या २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतींतहि नदीच्या प्रवाहाचा कांहीं भाग निसर्गाच्या गरजेसाठीं बाजूस ठेवावा, असें म्हटलेलें आहे. तत्त्व मान्य आहे. राहिलें आहे तें त्याप्रमाणें माप घालणें.

माझें म्हणणें थोडक्यांत असें. इसापूरच्या पाण्याची दरवर्षीं वांटणी होते, त्या वांटणींत शेतीचा वांटा असतो, पिण्याच्या पाण्याचा असतो, तसा नदीचाहि एक वांटा आधींच लिहिलेला असावा. तो मोठा असण्याची गरज नाहीं. पण तो वेळेवर, म्हणजे डोह तुटण्याच्या आधीं मिळावा, आणि त्यासाठीं कोणास रस्त्यावर बसावें लागूं नये. दुष्काळाच्या वर्षीं सर्वांचा वांटा कमी होईल, तसा नदीचाहि व्हावा. पण शून्य होऊं नये. ज्या टप्प्यांत डोह व झिरे आहेत, तेथील रेतीस हात लागूं नये. आणि डोहांची यादी करण्याचें काम बंदीभागांतील गांवांकडे द्यावें; कोणता डोह कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक नाहीं.

याच नदीवर खालच्या अंगास आणखी एका मोठ्या धरणाची, निम्न पैनगंगा प्रकल्पाची, योजना अनेक वर्षें वादांत आहे. कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या शेतकऱ्यास पाणी हवें, हें खरें. आणि ज्यांचीं गांवें व शेतें बुडणार, त्यांचें दुःख तितकेंच खरें. त्या वादाचा निकाल मी या भाषणांत लावणार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, एका धरणाखालच्या नदीस तिचा वांटा देण्याची रीत आपण आधीं शिकलों, तर दुसऱ्याविषयीं बोलतांना आपल्या शब्दास अधिक वजन येईल.

पावसाळ्याचें रूपहि विसरून चालणार नाहीं. २०२३ च्या जुलैंत महागांव तालुक्यांत एका रात्रींत असा पाऊस झाला कीं, पुरानें वेढलेल्या माणसांना सोडविण्यासाठीं हवाई दलाचें साहाय्य मागवावें लागलें. दोन महिन्यांपूर्वीं जी नदी ओंजळभर पाणी देण्यास कुरकुरत होती, तीच गांवें वेढते. म्हणून सहस्रकुंडास पावसाळ्यांत जाणाऱ्यांना माझी विनंती आहे कीं, शेवाळलेल्या खडकावर उतरूं नका, छायाचित्रासाठीं कड्याच्या टोंकाशीं उभे राहूं नका, आणि वर कोठें पाऊस झाला असेल तर आकाश निरभ्र आहे म्हणून निर्धास्त राहूं नका. येथील पाणी पाहतां पाहतां चढतें.

आणि दुसरी विनंती अशी कीं, एकदां तरी वैशाखांत जा. परवानगीची आवश्यकता असेल तेथें ती रीतसर काढा, बरोबर गांवचा माणूस घ्या, भल्या पहांटे जा आणि ऊन चढण्यापूर्वीं परत या. मुलांना अवश्य न्या. त्यांना कोरड्या कड्याखालीं उभें करून, पाण्यानें दगड कसा कोरला आहे तें हातानें चांचपूं द्या. रांजणखळग्यांत राहिलेले गोल गोटे त्यांना दाखवा. झिऱ्याचें पाणी ओंजळीनें चाखूं द्या, आणि त्या झिऱ्यावर रात्रीं कोण येऊन गेलें तें पाउलांवरून ओळखूं द्या. मग घरीं परतल्यावर नळ उघडा राहिला तर तो बंद करण्यास त्यांना कोणी सांगावें लागणार नाहीं. श्रावणांतील नदी पाहून आनंद होतो. वैशाखांतील नदी पाहिली म्हणजे त्या आनंदाची किंमत कोण भरतो तें कळतें, आणि आपल्या वांट्याची किंमत आपणहि भरावी असें वाटूं लागतें.